दिसण्याची दुरुस्ती

रेट्रो मोटारसायकलबद्दल एक समज पक्का असतो. बाहेरचा जुनेपणा नुसता थाट, खरं यंत्र आत, आणि ते आजचं. म्हणून बाहेर फडकं मारावं आणि चिंता इंजिनाची करावी. पाना हातात धरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबर उलटं आहे, असं माझं मत आहे. अशा गाडीत तारांची चाकं, ट्यूबचे टायर, क्रोमचे मडगार्ड आणि पोलादी टाकी याच गोष्टी खऱ्याखुऱ्या जुन्या तंत्राच्या असतात. त्यांना निगाही जुन्या पद्धतीचीच लागते, हाताने आणि पुन्हा पुन्हा करायची. इंजिनाच्या बाबतीत मात्र हात आवरता आला पाहिजे. प्रत्यक्षात जिथे पाना हवा तिथे फडकं फिरतं आणि जिथे नको तिथे पाना जातो.

रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी गाड्यांचे टॅपेट पाहा. ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये ते लावायची रीत अशी की इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिलर गेजची गरज नव्हती, बोटांनाच माप कळायचं. २००९ मध्ये क्लासिक आली. टाकी, हेडलाइट, सीट सगळं जुन्या वळणाचं, पण आतल्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाचे टॅपेट हायड्रॉलिक. त्यात लावण्यासारखं काही उरलंच नाही. ऑइल स्वच्छ आणि वेळेवर बदललेलं असलं की झालं. २०२१ मध्ये त्याच नावाची, जवळजवळ त्याच चेहऱ्याची गाडी ३४९ सीसीचं नवं इंजिन घेऊन आली. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला, पुशरॉड संपले आणि टॅपेट पुन्हा हाताने लावायचे झाले, पण आता गेजची पट्टी घालून, मॅन्युअलमधल्या मापानेच. एका चेहऱ्यामागे तीन शिस्ती आहेत. कानावर भरवसा ठेवून ‘टॅपेट वाजतायत, घट्ट करा’ म्हणणारा मिस्त्री पहिल्या इंजिनावर वाकबगार ठरेल, दुसऱ्यावर निरुपयोगी, आणि तिसऱ्यावर व्हॉल्व्ह जाळून ठेवील.

इंधनाच्या बाजूलाही हेच. ट्रायम्फने २००८ च्या सुमारास बॉनव्हिलला फ्युएल इंजेक्शन दिलं तेव्हा थ्रॉटल बॉडीला मुद्दाम कार्ब्युरेटरचा आकार दिला. डोळ्यांना ते लोभस वाटतं, पण तिथे बदलायला जेट नाहीत. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर इंजेक्शन आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर या वर्गाच्या गाड्यांत सर्रास आले. केवळ जुना ‘ठोका’ ऐकू यावा म्हणून सायलेन्सर बदलला की अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो, कायदा मोडतो आणि मिश्रणाचा हिशेब बिघडतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तो हिशेब सावरतो, पण त्यालाही मर्यादा आहेत.

आता चाकाकडे या, कारण खरं काम इथे आहे. तारांचं चाक म्हणजे ताणाचा समतोल. एक तार सैल पडली की तिच्या वाट्याचा भार शेजारच्या तारांवर जातो, त्या थकतात आणि मग हबजवळच्या वाकणापाशी एखादी तुटते. तपासणी साधी आहे. चाक उचलून फिरवावं आणि लहान पान्याने प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, दोन प्रकारचा, बाजूचा आणि वर-खालचा, आणि एक काढताना दुसरा येतो. म्हणून निपल एका वेळी पाव फेरा, तोही समोरच्या बाजूचा विचार करूनच फिरवायचा. घाईने एकच तार आवळत नेली तर तिचं टोक निपलमधून वर येतं, रिम टेप भेदतं आणि ट्यूबला आतून भोक पाडतं. मग दोष खिळ्याला दिला जातो. नेहमीच्या तारांच्या रिमला निपलची भोकं असल्यामुळे ट्यूब टाळता येत नाही, आणि ट्यूब एकदम बसते. म्हणून इथे हवेचा दाब तपासण्यात आळस परवडत नाही.

क्रोमही तसंच फसवं. वरचा क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजापासून खरं संरक्षण त्याखालचं निकेल करतं. वरच्या थरातल्या सूक्ष्म भेगांतून खारं पाणी आत शिरलं की गंजाचे ठिपके उमटतात. ते चमक आणणाऱ्या खरखरीत पॉलिशने घासले की उरलेला थरही जातो. (क्रोमवर तारेची घासणी फिरवणाऱ्यांना माफी नसावी.)

यावर कोणी म्हणेल, मग अलॉय व्हील आणि रंगवलेले मडगार्ड घ्या, कटकट मिटली. आक्षेप रास्त आहे. निगा राखायची नसेल त्याने तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण तारांचं चाक घ्यायचं आणि अलॉयसारखं विसरून जायचं, हे चालणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सेन्सर आणि ईसीयू आल्यापासून घरच्या दुरुस्तीचे दिवस संपले. मला ते अर्धंच पटतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत कचरा, पॉइंट की प्लग, हा अंदाजाचा खेळ होता. आता गाडी स्वतः कोड सांगते. मात्र कोड बहुधा सर्किटाकडे बोट दाखवतो, बिघडलेल्या भागाकडे नाही. दोष सैल कनेक्टरमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा दमलेल्या बॅटरीतही असू शकतो. टाकीतला पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि २०२१ च्या क्लासिकला किक नाही, त्यामुळे बॅटरीचे टर्मिनल घासणं हे आता इंजिनाच्याच देखभालीत मोडतं. पाना, मल्टिमीटर आणि धीर असलेल्या माणसाला काम पुरेसं आहे.

कोकणपट्टीत किंवा गोव्यात गाडी असेल तर मृगाआधी क्रम असा लावावा: मडगार्डच्या आतल्या बाजूचा चिखल खरवडून तिथे गंजरोधक, निपलांवर तेलाचा थेंब, क्रोमवर मेण, ब्रेक फ्लुइडला दोन वर्षं झाली असतील तर ते बदलणं. गाडी पावसाळाभर उभीच राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरावी. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि अर्ध्या रिकाम्या पोलादी टाकीत हवेतून येणाऱ्या ओलाव्याला जागा भरपूर असते.