वहीचं शेवटचं पान

२६ जुलै २०२५, शनिवार
रात्रीपासून झड लागली आहे. पेपरात सर्वोच्च न्यायालयाच्या कालच्या निकालाची बातमी. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, कोचिंग क्लासनी मार्कांवरून बॅच पाडू नयेत, चारचौघांत मुलांचा पाणउतारा करू नये. हे शेवटचं दोनदा वाचलं. परवाच मी दहावीच्या वर्गात चाचणीचे मार्क मोठ्यानं वाचून दाखवले, सगळ्यात कमी मार्कांपासून सुरुवात करून.

२८ जुलै, सोमवार
विज्ञानाच्या वह्या तपासत होते. एकीची आवर्त सारणी अर्धवट, पुढची पानं कोरी. शेवटच्या पानावर मैत्रिणींची नावं आणि प्रत्येकीपुढे एकेक वस्तू. जेल पेनं, रंगपेटी, सायकलची घंटी. वाटणीच ती. हात थांबला.

मधल्या सुट्टीत तिला प्रयोगशाळेत बसवलं. शब्द जुळेनात, मग सरळ विचारलं, "जगूच नये असं वाटतं का गं? जीव द्यावासा वाटतो?" विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, ही भीती मलाही होती. मानसोपचारतज्ज्ञ कधीचे सांगतायत की तसं होत नाही, उलट मूल बोलतं होतं. ती नखानं टेबलावरचा शाईचा डाग खरवडत राहिली.
"वाटते न मॅडम. रोज." मग घाईनं, "आईले सांगू नका न."
म्हटलं, तेवढं वचन मला देता येणार नाही. सांगताना मी तुझ्याजवळ बसेन. आई येईपर्यंत तिला एकटं सोडलं नाही.

३० जुलै, बुधवार
दोघींसोबत मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले, मानसोपचाराच्या ओपीडीत. रांगेत आई म्हणत होती, "काय कमी पडू दिलं जी मी तिले?"

मार्कांचंच ओझं असेल, असं मी धरून चालले होते. निघालं ते असं: उन्हाळ्यात आजी गेली, महिनाभर झोप नाही, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या फोटोची टवाळी, घरी ट्यूशनच्या फीवरून रोजची भांडणं. मार्क त्यावर पडले, आणि ते मी पाडले. डॉक्टर म्हणाल्या, एकाच कारणावर बोट ठेवू नका. आईला सांगितलं, घरातली औषधं कुलपात ठेवा, रात्री तिच्याजवळ झोपा. १४४१६, टेली-मानसचा नंबर, आईनं फोनमध्ये घातला. रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

४ ऑगस्ट, सोमवार
स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, आजकालची पोरं नाजूक. मला राहवलं नाही. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. आमच्या प्रार्थनेला सहाशे मुलं उभी राहतात. १,७६४ म्हणजे अशा जवळपास तीन शाळा. इतकी सगळी नाजूक म्हणून सोडून द्यायची का?

चाचणीचे पेपर आता घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात देते.

२५ ऑगस्ट, सोमवार
शनिवारी मारबतीची मिरवणूक झाली, वर्गात अजून तीच गोष्ट चालू. ती मुलगी मात्र दोन पिरियड बाकावर डोकं टेकून होती. सुट्टीत जवळ बसले, पुन्हा तेच विचारलं.
"काल रात्री आलं होतं मनात," म्हणाली. "आईले उठवलं मंग."