नापास रेकॉर्डी आणि ट्रंकेतली गाणी

आमच्या घरात दोन वाद कायमचे आहेत. एक, माशाच्या कालवणात आमसूल घालावे की चिंच. दुसरा, रोलिंग स्टोन्स या विलायती बँडची सर्वांत वाईट रेकॉर्ड कोणती. पहिला वाद जेवण झाले की मिटतो. दुसरा गेली चाळीस वर्षे मिटलेला नाही, आणि आता त्यात आमच्या घरचेच एक माणूस येऊन बसले आहे, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

निवृत्त नर्सबाईने असल्या धांगडधिंग्यावर कशाला लिहावे, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. हा विषय शेवटी त्यांच्याही घरातल्या माळ्यापर्यंत येणार आहे.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही मंडळी १९६२ साली लंडनमध्ये एकत्र आली. मिक जॅगर गातो, कीथ रिचर्ड्स गिटार वाजवतो, आणि बहुतेक गाणी या दोघांनी मिळून रचलेली. दोघांचाही जन्म १९४३ चा. ड्रमवर चार्ली वॉट्स होता, तो २४ ऑगस्ट २०२१ रोजी वारला. साठ वर्षे काम केले म्हणजे त्यात चांगले-वाईट आलेच. चाहते चांगल्याबद्दल फारसे भांडत नाहीत. भांडण असते ते पडलेल्या रेकॉर्डींचे, आणि कधी बाहेरच न आलेल्या गाण्यांचे.

हे वेड आमच्या घरी दादाने आणले. आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत खालच्या वर्गात होतो तेव्हा तो कॉलेजात जाऊ लागला होता. शिकवणीचे पैसे साठवून त्याने काळ्या घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमधून ‘देअर सेटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट’ ही रेकॉर्ड आणली. नावात सैतान आहे हे त्याने आजीला शेवटपर्यंत कळू दिले नाही. ही रेकॉर्ड डिसेंबर १९६७ ची. त्याआधी सहा महिने बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ निघाली होती, आणि स्टोन्सने तिची नक्कल केली असे सगळीकडे म्हटले गेले. काम चालू असतानाच त्यांचा निर्माता अँड्र्यू ओल्डहॅम सोडून गेला होता. दादाने ती चार वेळा ऐकली आणि एका वहीत तिच्यापुढे लिहिले, ‘नापास’. त्या दिवसापासून ती वही सुरू झाली. प्रत्येक रेकॉर्डीपुढे पास किंवा नापास, आणि खाली तारीख.

१९७३ साली दादा इस्रायलला गेला, लोदला स्थायिक झाला. आम्ही उभयता १९८४ साली अबुधाबीला आलो. यजमान एका कंपनीत स्टोअरकीपर, आम्ही इस्पितळात नर्स. येथून तेथे तेव्हा फोन लागत नसे, थेट टपालही नव्हते. आमची पत्रे ठाण्याच्या बहिणीमार्फत जात. ती बिचारी पाकिटे बदलून पुढे पाठवी. तिला वाटे, आत घरगुती सुखदुःखे असतील. निम्म्या पत्रात रोलिंग स्टोन्सच असत.

अबुधाबीत आमच्या इमारतीत गोव्याचा एक लॅब टेक्निशियन राहत असे. तोही या बँडचा भक्त. गुरुवारी रात्री, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, तो कॅसेटींची पिशवी घेऊन येई. १९९२ च्या कॉपीराइट कायद्यापूर्वी येथे नकली कॅसेटी उघड विकल्या जात आणि किरकोळ पैशांत काहीही मिळे. १९८६ साली निघालेली ‘डर्टी वर्क’ आम्ही अशीच ऐकली. गोवेकर म्हणाला, “सिस्टर, हे लोक संपले.” यजमान म्हणाले, “एवढी वाईट नाही.” येथूनच आमच्या घरातला वाद सुरू झाला.

आम्ही नर्स मंडळी आधी केस पेपर मागतो. ‘डर्टी वर्क’चा केस पेपर असा आहे. जॅगरने १९८५ साली स्वतःची वेगळी रेकॉर्ड काढली होती, त्यावरून त्याचे आणि रिचर्ड्सचे बिनसले होते. चार्ली वॉट्स व्यसनात अडकला होता, त्यामुळे काही ठिकाणी ड्रम दुसर्‍यांनी वाजवले. पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर पियानो वाजवणारा इयन स्ट्युअर्ट डिसेंबर १९८५ मध्ये गेला. त्याच्या पियानोचा एक लहानसा तुकडा रेकॉर्डीच्या अगदी शेवटी ठेवला आहे. रेकॉर्ड निघाली तरी मंडळी दौर्‍यावर गेली नाहीत. आम्ही दादाला लिहिले, ही रेकॉर्ड म्हणजे एका आजारपणाचा तक्ता आहे. एका दिवसाच्या तापावरून माणसाची प्रकृती ठरवू नये. वॉट्स पुढे बरा झाला, १९८९ साली ‘स्टील व्हील्स’ निघाली, मंडळी पुन्हा जगभर फिरली.

दादाचे उत्तर ठाण्याहून फिरून दीड महिन्याने आले. “आजारी असाल तर रजा घ्यावी. गिर्‍हाईकाकडून पैसे घेऊन ताप विकू नये.” याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. जे बाजारात मांडले त्याला लोक नावे ठेवणारच, आणि ठेवावीतच.

पण दादाच्या वहीतही एक गंमत होती. १९७२ ची ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ त्याने आधी नापास केली होती. दक्षिण फ्रान्समधल्या भाड्याच्या बंगल्याच्या तळघरात तिचे बरेचसे काम झाले. निघाली तेव्हा अनेक टीकाकारांनाही ती विस्कळीत वाटली. पुढे तीच त्यांची उत्तम रेकॉर्ड म्हणून गणली जाऊ लागली. दादाने वहीतला पहिला शेरा खोडला नाही. त्याच्याखाली नवी तारीख घालून ‘पास’ लिहिले. आम्हाला हे फार पटले. इस्पितळातही हाच नियम. केस पेपरवरची नोंद बदलायची तर रबराने पुसायची नाही. एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि वेळ.

आता ट्रंकेतल्या गाण्यांकडे येतो. बाहेर न आलेल्या गाण्यांवर मतभेद अधिक तिखट होते. गोवेकराचे म्हणणे, जे जे वाजवले ते सगळे लोकांना मिळावे. दादाचे म्हणणे, ज्याने बाजूला ठेवले त्याने विचार करून ठेवले, ट्रंक उघडू नये. यजमान मध्ये. आमच्या मते सगळ्या ट्रंका सारख्या नसतात.

पहिली ट्रंक मालकाने स्वतः उघडलेली. १९८१ ची ‘टॅटू यू’ बहुतेक जुन्या टेपांतून तयार झाली. ख्रिस किम्सी या त्यांच्या माणसाने मागच्या वर्षांच्या टेपा चाळून गाणी काढली. ‘स्टार्ट मी अप’ १९७८ च्या सुमारास जमैकाच्या रेगे ढंगात करून पाहून टाकून दिलेले होते. ‘वेटिंग ऑन अ फ्रेंड’ची सुरुवात १९७२ साली जमैकात झाली होती. टाकून दिलेल्या गाण्यांची ती रेकॉर्ड त्यांच्या गाजलेल्या रेकॉर्डींपैकी एक ठरली. दादाच्या वहीतही पास.

दुसरी ट्रंक दुसर्‍याने उघडलेली. १९७५ साली त्यांचा जुना मॅनेजर अ‍ॅलन क्लाइन याच्या कंपनीने ‘मेटामॉर्फसिस’ या नावाने साठच्या दशकातले बाजूला ठेवलेले तुकडे बाजारात आणले. गाणी यांची, हक्क त्याचे. ती ऐकताना दुसर्‍याच्या घरातले कपाट उघडल्यासारखे वाटते. त्यातल्या कच्च्या गाण्यांना नापास करणे आम्हाला अन्यायाचे वाटते, कारण ती परीक्षेला बसलीच नव्हती.

तिसरी ट्रंक उघडून ठिगळ लावलेली. ‘एक्झाइल’ २०१० साली पुन्हा काढली तेव्हा तिच्याबरोबर जुनी न निघालेली गाणी दिली, पण काहींवर जॅगरने नव्याने आवाज घातला. एका गाण्यासाठी १९७४ साली बँड सोडून गेलेल्या मिक टेलरला गिटारीसाठी पुन्हा बोलावले. यजमान म्हणत, १९८१ सालीही जुन्या टेपांवर नवे गाणे घातलेच होते, मग आता तक्रार का? दादाने कळवले, “तेव्हा सात-नऊ वर्षांचे अंतर होते, भावोजी. आता अडतीस वर्षांचे आहे. एकाच गाण्यात तरुण हात आणि म्हातारा गळा.”

२०१४ साली एकाच दौर्‍यात हा बँड दोन्ही घरी आला. २१ फेब्रुवारीला अबुधाबीच्या यास बेटावर दौर्‍याची सुरुवात झाली, आम्ही गेलो. ४ जूनला शावुओत संपला त्या रात्री तेल अवीवच्या यार्कोन पार्कात ते गायले, दादा गेला. साडेतीन महिन्यांच्या अंतराने बहीणभावाने तीच माणसे पाहिली, पण एकमेकांना फोन करता आला नाही. तो १६ ऑगस्ट २०२० ला फोन सुरू झाला तेव्हा आला. त्यानंतर दादाला जवळजवळ दीड वर्ष मिळाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘टॅटू यू’ला चाळीस वर्षे झाली म्हणून नऊ जुनी गाणी आणखी निघाली, त्यांतही काहींवर नवा आवाज. त्यावर आम्ही फोनवर तासभर भांडलो. मागून वहिनी ओरडत होती की औषधाची वेळ झाली. २०२२ च्या सुरुवातीला दादा गेला.

वर्षभराने भाच्याने त्याची ट्रंक उघडली. वही निघाली, आणि तिच्याखाली अकरा कॅसेटी. भायखळ्याला असताना दादा लग्नांत गिटार वाजवी, हे आम्हाला ठाऊक होते. तो स्वतः मराठी गाणी रचत होता आणि ती एकट्याने कॅसेटीवर भरून ठेवत होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकही गाणे पुरे नाही. दोन ओळी होतात, मग तो थांबतो, खोकतो, पुन्हा सुरू करतो.

भाच्याचा फोन आला. “आत्या, माझ्या मित्राचा स्टुडिओ आहे. खरखर काढतो, मागे ड्रम घालतो, गाणी पुरी करून सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. पप्पांची आठवण राहील.” मुलाचा हेतू चांगला होता. घरात दोन तट पडले. ठाण्याची बहीण म्हणाली, कर. वहिनी म्हणाली, त्यांनी लपवले ते लपलेलेच राहू दे.

आम्ही त्याला कॅसेटी आहेत तशा ऐकवायला सांगितल्या. चौथ्या कॅसेटीत गाणे चालू असताना मागून आई विचारते, “भात टाकू का रे?” १९८१ साली आई तीन महिने लोदला राहून आली होती, तेव्हाची ती असणार. आईचा आवाज आमच्यापैकी कोणाकडेही नव्हता. स्टुडिओवाल्याच्या हिशेबात ती खरखरच. पहिल्याच धुण्यात निघून गेली असती.

मग आम्ही भाच्याला जे कळवले ते असे. कॅसेटी जशा आहेत तशा उतरवून घे, एक आवाज काढू नकोस, एक घालू नकोस. प्रत्येकीवर तारीख घाल, नसेल तर ‘अंदाजे’ असे लिही. घरच्यांनी घरात बसून ऐकावे, बाहेर वाटू नये, कारण दादाने ही गाणी परीक्षेला बसवली नव्हती. पुढे कोणाला ड्रम घालायचेच असतील तर ते वेगळ्या प्रतीवर घालावेत, आणि घालणार्‍याचे नाव आणि वर्ष त्यावर असावे. वहिनीला आधी विचारावे. ती नको म्हणाली तर तिच्या हयातीत थांबावे.

वहिनी आईचा आवाज ऐकून हो म्हणाली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा कॅसेटी आहेत. पत्र लिहायला वेळ नसे तेव्हा आपण कॅसेट भरून पाठवत होतो. आखातातून कोकणात, मुंबईहून दिमोनाला, अश्दोदहून ठाण्याला. त्यांत बारशी, मेहंदीची गाणी, म्हातार्‍यांचे खोकले आहेत. टेप जुनी झाली की चिकटते, बुरशी धरते, आणि एकदा तुटली की सांधणारा माणूस शोधावा लागतो. तेव्हा माळ्यावर चढा, वर नावे घाला आणि उतरवून घ्या. साफसूफ नंतर करता येते. पुसलेले परत येत नाही.

२०२३ साली स्टोन्सची ‘हॅकनी डायमंड्स’ निघाली. तिच्यात दोन गाण्यांत चार्ली वॉट्सचे ड्रम आहेत, २०१९ साली त्यानेच वाजवून ठेवलेले. यजमान ती पास करतात, गोवेकर अर्धी. दादाची वही आता आमच्याकडे आहे. त्याच्या शेवटच्या नोंदीखालची जागा आम्ही कोरीच ठेवली आहे, आमचे शेरे वेगळ्या वहीत लिहितो. गेल्या खेपेला गोवेकराने दादाच्या कॅसेटी आमच्या घरात बसून ऐकल्या. म्हणाला, “सिस्टर, तिसर्‍या कॅसेटीत गिटार सुरात नाही.” यजमान म्हणाले, आहे. रात्री अकरापर्यंत चालले होते.