पत कोणाची, सही कोणाची

गिरणगावात खानावळीला पाटी नसायची. अमक्या चाळीचा दुसरा माळा, शेवटची खोली, दारात चपलांचा ढीग, एवढी खूण पुरे. आत दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे पंगती बसत आणि उठत. रात्रपाळीवाल्यांचं जेवण कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असे. बाई रत्नागिरी-मालवणकडची असली तर बांगड्याचं सार आणि भात, सातारा-कोल्हापूरकडची असली तर भाकरी, आमटी आणि खरडा. रविवारी फीस्ट.

आज लोअर परळात गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेची ऑफिसं आहेत. दुपारी एकच्या सुमारास लिफ्टपाशी डबे पोचवणाऱ्या पोरांची झुंबड उडते. डब्यावर छापील लेबल, त्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, खाली ‘घरगुती चव’. पैसे क्यूआर कोडवर. हा डबाही बहुतेक वेळा कुठल्या तरी बाईनेच पहाटे उठून रांधलेला असतो. पण ती असते डोंबिवलीत नाही तर कळव्याला, आणि खाणाऱ्याने तिचं तोंडही पाहिलेलं नसतं.

आमच्या पिढीची माणसं जमली की विषय खानावळींवर येतो आणि एक वाक्य ठरलेलं असतं: ‘त्या बायकांची जिद्दच वेगळी होती.’ होतीच. पण आजच्या बायकांची काय कमी आहे? जिद्द दोन्हीकडे सारखीच. फरक पडला तो भोवतालात. उधार कोण देतं, जामीन कोण राहतं, जागा कोणाची, पोरं कोण बघतं, यात.

मुळात खानावळी बायकांच्या हातात आल्या त्यामागेही व्यवस्थाच होती. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. त्यांना रात्रपाळी बंद होती, 1929 मध्ये प्रसूती लाभाचा कायदा आला, पुढे यंत्रं सुधारली तशी माणसं कमी करायची वेळ आली आणि आधी बायकांना घरी बसवलं गेलं. संरक्षणासाठी केलेले नियम मालकाच्या हिशेबात खर्च म्हणून मांडले गेले. दुसरीकडे गावाकडून एकटे आलेले हजारो पुरुष गावकरी मंडळांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होते. त्यांना रोज दोन वेळा जेवायला लागायचं. गिरणीचं दार बंद झालेल्या बाईला चुलीचं दार तेवढं उघडं राहिलं.

आमच्या चाळीत आक्का होत्या, साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीच्या विणकामात, म्हणजे साचेखात्यात होता. त्याला दम्याने धरलं, खाडे वाढले, पगार आटला, तशा आक्कांनी गावची चार पोरं जेवायला धरली. चाराची पंधरा झाली. लिहिता येत नव्हतं, म्हणून भिंतीवर कोळशाने रेघा ओढत. कोण कोणत्या दिवशी जेवला नाही, त्याचा खाडा त्या रेघांत बरोबर सापडायचा. पगाराच्या संध्याकाळी एकेकाला भिंतीपाशी उभं करून त्या हिशेब वाचून दाखवत. वाद झालेला मला आठवत नाही. एखाद्याने हात आखडता घेतलाच, तर ‘तुझ्या आयेला सांगावा धाडू का?’ एवढं पुरायचं. गावचं नाव हाच जामीन होता.

या आपलेपणाच्या आठवणीने आजही बरं वाटतं. पण त्याची दुसरी बाजू चाळीत कुणी बोलून दाखवत नसे. पंगत बसायची ती गावाची आणि जातीची. गिरणीतही साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे. ज्यांच्या उष्ट्या धाग्याचा विटाळ होई, त्यांच्या बाईच्या हातची भाकरी कोण खाणार? तिची खानावळ तिच्याच माणसांपुरती राहायची. हातची चव सारखी असली तरी गिऱ्हाईक जात ठरवायची.

आक्कांची खरी अडचण भांडवलाची. पैसे महिन्याच्या शेवटी येत, ज्वारी आणि रॉकेल मात्र रोज लागे. वाणी उधार द्यायचा, पण भाव त्याचा आणि वजनही त्याचं. अडीनडीला सावकार होता, महिन्याला शेकडा दहा. आक्कांच्या गळ्यातले मणी वर्षातून कितीदा तरी त्याच्या तिजोरीत जाऊन येत. बायकांची भिशी होती, पण ती पातेली आणि बारसं यांपुरती. बँक आमच्या रस्त्यावरच होती. आक्का रोज तिच्यावरून भाजीला जात. आत गेल्याचं मात्र कधी ऐकलं नाही.

ते दार उघडायला आधी दिल्लीत निर्णय व्हावा लागला. 1969 मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. 1972 मध्ये गरिबांसाठी वर्षाला 4 टक्के व्याजाची कर्जयोजना आली. तरीही कागद आणि आक्कांसारख्या बायका यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहायला हवं होतं. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या प्रेमाताई पुरव त्या जागी उभ्या राहिल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी, त्यामुळे काउंटरच्या पलीकडली भाषाही घरात होती. 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं. खानावळवाल्या बायकांचे गट झाले, एकीला दुसऱ्या जामीन राहिल्या आणि बँकेतून कर्ज मिळू लागलं. महिन्याच्या शेकडा दहावरून वर्षाच्या शेकडा चारवर येणं म्हणजे काय, हे ज्यांचे मणी सुटले त्यांना विचारावं.

त्याआधी गिरगावात, 1959 च्या मार्चमध्ये, सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले होते. त्या लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण 80 रुपयांचं कौतुक करताना 1966 विसरलं जातं. त्या वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. गच्चीवरच्या पापडाला बाजार मिळाला, त्यात या कागदांचाही वाटा आहे.

आमच्या आक्कांपर्यंत मात्र अन्नपूर्णा मंडळ पोचलं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले दोन महिने आक्कांनी सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. ‘गावची पोरं हायती, उपाशी कशी ठेवू?’ मग पोरं एकेक करून गावी गेली, वाण्याने हात वर केले आणि भिंतीवरच्या रेघा तशाच राहिल्या. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. ज्या गावकीच्या जिवावर खानावळ उभी राहिली, तिच्याच जिवावर ती बुडाली. सगळे जामीन एकाच गिरणीचा पगार खाणारे असले की हे असंच व्हायचं.

आता कळव्याच्या माझ्या भाचीकडे बघतो. ती चाळीस डबे करते. आधार, पॅन, उद्यम नोंदणी, अन्नपरवाना, सगळं मोबाइलवरून झालं. गिऱ्हाइकाची जात तिला ठाऊक नसते आणि तिची त्याला. आक्कांना स्वप्नातही सुचलं नसतं असं हे मोकळेपण आहे. पण 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत तारण लागत नाही असं छापलेलं असूनही एका शाखेत तिला ऐकावं लागलं, ‘मिस्टरांना घेऊन या, फ्लॅट त्यांच्या नावावर आहे ना?’ सोसायटीने नोटीस लावली: राहत्या घरात धंदा नको. चाळीत बांगड्याच्या वासावर कुणी हरकत घेत नव्हतं, आणि आक्का भाकऱ्या थापत असताना त्यांची धाकटी आमच्या घरात झोपलेली असायची. भाचीचा मुलगा पाळणाघरात जातो. डब्यांच्या कमाईतली पहिली रक्कम तिथे जाते, त्यानंतरची अ‍ॅपवाल्यांकडे.

गावाकडे चित्र आणखी बदललं. 1992 पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडले, पुढे राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने ते वाडीवाडीवर नेले. माणदेशात म्हसवडच्या बायकांनी चेतना गाला-सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायची म्हटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण संस्थापक बायकांचे अंगठे होते. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला, देशाने 2005 मध्ये. कायदा झाला, तरी रक्षाबंधनाच्या आसपास बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेणारी घरं मी पाहिली आहेत. सही करता येऊ लागली, आणि पहिली मागणी आली ती हक्क सोडण्याच्या सहीची.

तेव्हा जुन्या दिवसांचे गोडवे गाताना आता मी हात राखून असतो. आक्कांना माणसं होती, कागद नव्हते. भाचीला कागद आहेत, माणसं विकत घ्यावी लागतात. उद्योजिकांच्या सत्काराला बोलावलं की जिद्दीवर भाषण करायचं मी टाळतो. सत्कारमूर्तींना तीनच गोष्टी विचारतो: घर कोणाच्या नावावर आहे, कर्जाच्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या लागल्या, आणि तुम्ही कामात असताना पोरं कोणापाशी असतात? व्यासपीठावरची मंडळी जरा चुळबुळतात. पण या तिन्हींची उत्तरं नीट आली, तर जिद्दीचं काय करायचं ते बाई स्वतः बघून घेते.