घरचा पाव

मराठीत पोळी लाटतात, भाकरी थापतात, पुरी तळतात, मोदक उकडतात. पाव मात्र 'आणतात'. स्वयंपाकघरातल्या इतक्या नेमक्या क्रियापदांच्या या भाषेत 'बेक करणे' याला स्वतंत्र शब्द नसावा, 'भाजणे' यावरच भागवावे लागावे, हे अकारण नाही. चूल घरात होती, शेगडी होती, पुढे स्टोव्ह आणि गॅसही आला. पण बंद उष्णतेत पीठ फुलवणारी भट्टी घराबाहेर होती, आणि बहुतेक वेळा जातीबाहेर व धर्माबाहेरही होती.

वर्गात व्युत्पत्ती शिकवताना मी हा शब्द हमखास विचारते. पायांनी तुडवतात म्हणून पाव, असे कुणी सांगते. कुणी चौथ्या हिश्श्याकडे बोट दाखवते. दोन्ही लोकव्युत्पत्तीच. बटाटा, काजू, चावी, पगार, घमेले यांच्याप्रमाणे पावही पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. त्यांतला बटाटा तर थेट उपवासाच्या पानात जाऊन बसला. पावाला मात्र कित्येक घरांच्या उंबऱ्यावर थांबावे लागले. बटाटा जमिनीतून येतो. पावाला कुणाचा तरी हात लागलेला असतो, कुणाच्या तरी घरचे पाणी लागलेले असते. गोव्यातले पोदेर तर पीठ फुगवायला माडाची सूर वापरीत. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची कथा वसईकडे अजूनही सांगितली जाते. तिची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली, तरी 'बाटणे' हे एकच क्रियापद अन्नालाही लागते आणि माणसालाही, ही गोष्ट उरतेच. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबिस्किटांवरून जे ग्रामण्य उभे राहिले, त्यात रानडे आणि टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला सामोरे जावे लागले, मग इतरांची काय कथा!

हे सारे पुस्तकांतून ठाऊक होते. ते घरात भेटले सासूबाईंच्या रूपाने. त्यांच्या माहेरी आणि सासरीही बेकरीचा पाव निषिद्ध. मुलांनी वडापाव खाल्ला तर त्या रागावत नसत, पण स्वतः कधी शिवत नसत. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर त्यांना भाकरी चावेना, कवळी टिकेना. मऊ भात आणि खिमट यांना त्या कंटाळल्या. तेव्हा मी घरी पाव करायला घेतला.

कृती अवघड नाही, वेळखाऊ आहे. एकूण ३०० ग्रॅम मैद्यातला २० ग्रॅम मैदा १०० मिलिलिटर दुधात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचे. लहानपणी आपण वह्यापुस्तकांना कागद चिकटवायला करीत असू, तशी खळ तयार होते. शिजलेला पिष्टमय भाग बरेच पाणी धरून ठेवतो, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपानी पद्धतीच्या दुधाच्या पावात हीच युक्ती असते. खळ निवली की उरलेला मैदा, ३० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि सुमारे ११० मिलिलिटर कोमट दूध घालून पीठ तिंबायचे. दूध बोटाला सहज सोसेल इतपतच गरम हवे, नाहीतर यीस्ट मरते. शेवटी ३० ग्रॅम लोणी. पीठ सुरुवातीला हाताला चिकटते. वरून मैदा न टाकता दहा-बारा मिनिटे धीराने तिंबले की ते आपोआप भांड्याची कड सोडते. तास-दीड तासात ते दुप्पट फुगते. मग नऊ गोळे करून ट्रेमध्ये जवळजवळ ठेवायचे, पाऊण तास पुन्हा फुगू द्यायचे, वरून दुधाचा हात फिरवायचा आणि १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटे भाजायचे. गोळे एकमेकांना खेटले की त्या बाजूंना कवच धरत नाही. लादीपावाचे मऊपण त्या शेजारात असते. साखरेने गोडवा येतो, रंग येतो आणि ओलावाही टिकतो.

पहिला पाव दुधात कुस्करून सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी विचारले, "तू घरी केलास ना? मग मला चालेल." त्या वाटीभर जेवल्या. मला समाधान वाटले, आणि त्याच क्षणी ते 'चालेल' खटकलेही. माझ्या ओव्हनने पाव घरात आणला खरा, पण जुना नियम न मोडता. कोपऱ्यावरचे बेकरीवाले चाचा गेली तीस वर्षे आमच्या मुलांना ओळखतात. त्यांच्या हातचा पाव अजून बाहेरच होता. ऐंशीच्या घरातल्या, आजारातून उठलेल्या बाईशी यावर वाद घालावा, असे मला वाटले नाही. वाद न घालणे योग्य की अयोग्य, हेही मनात ठरेना.

पुढे एका रविवारी पीठ फुगून वर आले आणि वीज गेली. पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरची नानकटाई बेकरीवर भाजायला जात असे. पीठ आपले, भट्टी त्यांची. ते आठवून मी मुलाच्या हाती ट्रे चाचांकडे पाठवला. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

"आज वरून खरपूस झालाय," सासूबाई म्हणाल्या. "कुठे भाजलास?"

मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. तो क्षण मला फार मोठा वाटला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तापातून उठलं की डॉक्टर दूधपाव सांगायचे. औषधाला विटाळ नसतो, म्हणून आजी आणू द्यायची. मी दोनतीनदा ताप नसताना सांगितला होता गं."

त्या हसल्या आणि उरलेला घास त्यांनी दुधात बुडवला. सात दशके निगुतीने पाळलेल्या नियमाच्या तळाशी एका मुलीचा खोटा ताप होता, हे मला कोणत्याच ग्रंथात सापडले नसते. नियम युक्तिवादाने सैल होतात असे आम्ही वर्गात शिकवतो. त्यांना खाली कुठेतरी भूक आधीच पोखरत असते, हे शिकवायचे राहून जाते.

त्यानंतरच्या रविवारी वीज होती. मी ओव्हन लावायला उठले, तर आतून आवाज आला, "आज भट्टीवर नाही का पाठवायचा?"