उवा, लिखा आणि यतना

प्राचीन मापनपद्धतीत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुल धरले जाई. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त हे कोष्टक आहे आणि जैन ग्रंथांतील क्षेत्रमानही याच पायऱ्यांनी चढते. लिक्षा म्हणजे आपली लीख, यूका म्हणजे ऊ. मोजमापात मानाने बसलेला हा जीव घरातल्या मुलीच्या केसांत सापडला, की मात्र सारे घर खजील होते. वास्तविक लाजण्याचे कारण नाही. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती सरकते, आणि शाळेत एका बाकावर बसणाऱ्या मुलींची डोकी एकमेकींना लागणारच. स्वच्छ केस तिला वर्ज्य नाहीत.

जैन घरात अडचण वेगळीच असते. नेकनूरच्या बाजारपेठेतील, पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड असलेल्या एका घरात नातीच्या डोक्यात उवा निघाल्या, तेव्हा आजींचे पहिले वाक्य होते, "नखावर चिरडू नका गं, तीन इंद्रियांचा जीव आहे." सूनबाई नम्रपणे म्हणाल्या, "आई, पोरगी रात्रभर खाजवते. मानेवर फोड आलेत, त्यांत पू झालाय. हे किती दिवस बघायचं?" दोघींचेही म्हणणे खरे होते. मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त राजा कुमारपालाच्या काळची कथा आहे: ऊ मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला दंड झाला आणि त्या द्रव्यातून 'यूकाविहार' उभा राहिला. अशा परंपरेत वाढलेल्या वृद्धेचा हात अडखळणे स्वाभाविक आहे.

तथापि हिशेब पुरता मांडला पाहिजे. ऊ फणीने काढून सावलीत ठेवली, तरी माणसाच्या रक्तावाचून ती एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणजे ती वाचली, हे केवळ आपल्या मनाचे समाधान. उलट मादी रोज सहा-आठ लिखा घालते आणि त्या आठ-दहा दिवसांत फुटतात. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे, त्यांना आज टाळलेला उपाय महिन्याने किती जीवांवर चालवावा लागेल, हे निराळे सांगायला नको. श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. लेकराची पीडा दूर करताना जे घडते ते तिच्यात मोडते काय, हा प्रश्न ज्याने-त्याने आपल्या गुरूंना विचारावा. यतना मात्र कोणत्याही उत्तरात सुटत नाही.

त्या घरात शेजारच्या मावशींनी सीताफळाच्या बिया वाटून तेलातून लावायला सांगितले. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळ उदंड. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे, तेव्हा बियांना तोटा नाही. पण हा उपाय जितका घरगुती, तितकाच घातक. घामाबरोबर किंवा धुतलेल्या पाण्याबरोबर ती पूड डोळ्यांत उतरली, की बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो, असह्य आग होते, दृष्टी धूसर होते. असे रुग्ण भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. डोळ्यांत गेलेच तर चोळू नये. पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. रॉकेल आणि कपाशीवरचे फवारणीचे औषध यांचे तर नावही काढू नये. रॉकेलाने पेट घेतला जातो आणि फवारणीचे विष त्वचेतून अंगात भिनते.

औषधाच्या दुकानात मिळणारे पर्मेथ्रिनचे लोशन त्यामानाने सौम्य, पण तेही औषधच. वेष्टनावर १ टक्का लिहिलेले पाहून घ्यावे. ५ टक्क्यांचे मलम खरजेसाठी असते, डोक्यासाठी नव्हे. ज्याच्या डोक्यात चालती ऊ दिसते त्यालाच लावावे, 'असू दे' म्हणून साऱ्या घराला नव्हे. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नये. गरोदर स्त्रीने, किंवा टाळूवर जखमा असतील तर कोणीही, आधी डॉक्टरांना विचारावे. केस साध्या शाम्पूने धुवावेत, कंडिशनर लावू नये, टॉवेलने टिपून ओलसर ठेवावेत. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरायला सांगावा. मुळांपासून टोकांपर्यंत लावून घड्याळाने दहा मिनिटे थांबावे. अधिक वेळ ठेवले तर अधिक गुण येतो, ही समजूत चुकीची. रात्रभर तर ठेवूच नये. धुताना मूल न्हाणीत उघड्या अंगाने बसवू नये, डोके तेवढे पुढे वाकवून कोमट पाण्याने धुवावे, म्हणजे औषध अंगभर ओघळत नाही. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. नंतर दोन दिवस शाम्पू नको. उशीचे अभ्रे, ओढणी, रिबिनी आणि कंगवे कढत पाण्यातून काढले म्हणजे पुरे. गाद्यांवर कीटकनाशक फवारण्याची गरज नसते.

या औषधाने चालत्या उवा जातात, लिखा सगळ्या जात नाहीत. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवावी आणि चालती ऊ दिसली तर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा लोशन लावावे. फुटलेल्या लिखांतून निघालेली पिल्ले अंडी घालण्याआधीच हा दुसरा हात पडतो.

त्या घरात सूनबाईंनी दिनदर्शिकेवर नवव्या दिवसाला खूण केली, तर ती नेमकी चतुर्दशी निघाली. आजी काही बोलल्या नाहीत. सूनबाईंनीच खूण खोडून एक दिवस अलीकडे, तेरसेवर नेली, आणि त्या दिवशी फणी आजींनीच हातात घेतली.