ढाणकी ते बॅलार्ड पिअर : अकरा माणसं, एक बोट

विदर्भातल्या माणसाला समुद्र पाहायचा म्हणजे आधी अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. आमची ढाणकी यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, उमरखेड तालुक्यात. मोठं पाणी म्हणजे पैनगंगा. तिच्यापलीकडे नांदेड जिल्हा. तिथून आम्ही अकरा जण मुंबई-गोवा बोटीने जायला निघालो: सासूबाई, दीर-जाऊबाई, नणंद आणि तिचे यजमान, आम्ही दोघं आणि चार मुलं.

हौस सासूबाईंची. दिवाळीनंतर शेताच्या वाटण्या व्हायच्या होत्या आणि दोघे भाऊ कामापुरतंच बोलत. सासूबाईंनी कापसाचे पैसे पुढे ठेवले. म्हणाल्या, "वाटण्या खुशाल करा. त्याच्याआंधी एकडाव सगळे माह्यासंगं समुद्रावर चला." मग कोण नाही म्हणणार?

नांदेडहून मुंबईच्या गाड्या मनमाडमार्गे जातात. पूर्वी रूळ अरुंद होते, तेव्हा मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. आता सरळ जाता येतं. तरी बोटीच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. गाडीला उशीर झाला तर बोट थांबत नाही.

आमची बोट 'एम्प्रेस'. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने सुरू झाली आणि अमेरिकेतल्या मायामीहून बहामा बेटांकडे प्रवासी नेऊ लागली. पुढे ती कॅरिबियन समुद्रातही फिरली. मुंबईहून तिच्या सहली सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. लांबी सुमारे २११ मीटर, मजले अकरा. धाकट्याने विचारलं, "आपल्या गावातले सगळे मावतील का गं?"

तयारीच्या चार गोष्टी सांगते. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि मागाहून खोलीत पोचवतात, म्हणून औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, म्हाताऱ्या माणसांची शाल आणि मुलांचा एकेक कपडा हातातल्या पिशवीत असू द्या. चिवडा-लाडू गाडीतच संपवा; घरचा फराळ बोटीवर चालत नाही. बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली खोली मागा. तिथे हेलकावे कमी बसतात. पोट अगदी रिकामं ठेवू नका.

बोटीवर आधी सुरक्षेची तालीम होते. ती कंटाळवाणी वाटली तरी मन लावून करा. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. भावजींना जाकिटाचा पट्टा जमेना, तेव्हा आमच्या ह्यांनी काही न बोलता तो ओढून बसवला. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे पडले. सासूबाई कठड्याला धरून उभ्या. "एवढं पानी, अन् पेवाले एक घोट नाही!" थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपली हीर कितीकशी, पन दोन्ही घरं तिच्यावर जगते."

दोघे भाऊ शेजारीच होते. कुणी काही बोललं नाही. रात्री जेवताना मात्र भावजींनीच विषय काढला, की विहीर वाटायची नाही. पाण्याचे दिवस ठरवून घ्यायचे.

वाटण्या झाल्याच, त्या कुठे चुकतात? बांध पडला, सात-बारा वेगळे झाले. विहीर सामाईक राहिली. सोमवार ते बुधवार आमची मोटर चालते, गुरुवार ते शनिवार भावजींची. रविवारचं पाणी सासूबाईंच्या भाजीच्या वाफ्याला, आणि तिथली वांगी दोन्ही घरी येतात.