फुकटचा डबा

बाजारात माझी फसगत ठरलेली. कलिंगडावर टिचकी मारून मी मोठ्या रसिकतेने कान देतो आणि पांढरेफटक कलिंगड घरी आणतो. 'तुम्ही आपली पुस्तकंच आणत जा,' असे सौभाग्यवतींनी मला कधीच बजावून ठेवले आहे. अशा माणसाने संगणक आणायला जावे, हेच मुळी चुकले.

पण मी गेलो. पडदा केवढा, कळफलक कसा, याची कसून चौकशी केली. संगणकाला वीज पुरवणारा एक डबा पेटीत असतो. दुकानदार त्याला 'एसएमपीएस' म्हणतात. तो पेटीबरोबर फुकटच मिळत होता. वर ठसठशीत '४५० वॅट' छापलेले. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो?

गेल्या मे महिन्यात एके रात्री 'फट्' असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. डबा गेला आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. तिच्यात माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई आता नाही. दुसरी प्रत मी 'सावकाश' करणार होतो.

दुरुस्तीला आलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला, मराठीत पस्तीस गुणांवर सुटलेला! त्याने तो डबा माझ्या हातावर ठेवला.

"सर, किती हलका आहे बघा. आतली तांब्याची वेटोळी, उष्णता शोषणारे पत्रे, सगळ्यांतच काटकसर. पण नुसत्या वजनालाही भुलू नका. हे लेबल वाचा. १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत?"

"पंधरा."

"गुणा."

"एकशे ऐंशी."

"आजच्या संगणकाचं बहुतेक काम या १२ व्होल्टवरच चालतं. मग ते ४५० कुठले?"

मी निरुत्तर झालो. एवढा स्पष्ट मजकूर डोळ्यांसमोर असून मी, भाषेचा अध्यापक, तो वाचलाच नव्हता!

मग त्याने मला धडाच दिला. १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ यांच्या आत राहिला पाहिजे, आणि तो मोजायचा भार घालून. रिकामा असताना वाईट डबाही गुणी दिसतो. आतले कपॅसिटर ८५ अंशांऐवजी १०५ अंश उष्णता सोसणारे असावेत. २००४ साली सुरू झालेला '८० प्लस'चा शिक्का पाहावा. त्याच्या मूळ कसोटीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता लागते. मात्र तो शिक्का विजेच्या बचतीचा. दाब किती स्थिर राहील, हे तो सांगत नाही.

"आणि सर, दाब भलताच वाढला तर चांगला डबा स्वतःच बंद पडतो. मरायचंच झालं तर एकटा मरतो."

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले.

हार्ड डिस्कमधून काही निघाले नाही. बहिणीच्या मोबाइलवर तेवढ्या तीन ओव्या सापडल्या. नवा डबा आला तेव्हा सौभाग्यवतींनी तो नारळासारखा हातात तोलला. "जड आहे हो!" त्या म्हणाल्या. मी चष्मा लावून लेबल वाचले, गुणाकार केला. मग त्या तीन ओव्यांच्या, त्याच रात्री, तीन ठिकाणी प्रती करून ठेवल्या.